पनवतीशिवायचा दौरा

माझ्या नवऱ्याला त्याचे मित्र पनवती म्हणायचे. तोंडावर, प्रेमाने आणि पूर्ण गांभीर्याने. हा टीव्हीसमोर बसला की आपली विकेट पडते, अशी त्यांची खात्री होती. आणि ही सगळी माणसं इंजिनीअर, अकाउंटंट, बँकेत बसून जोखीम मोजणारी! सामने सिंगापुरातल्या आमच्याच क्वीन्सटाउनच्या फ्लॅटवर बघायचे, कारण हॉल मोठा आणि टीव्ही ह्याने हौसेने घेतलेला. पण सामना अटीतटीचा झाला की कोणीतरी ओरडायचं, "ए, ह्याला खाली पाठवा रे!" की हा निमूट चपला घालून लिफ्टकडे जायचा. ब्लॉकच्या तळाशी व्हॉइड डेकच्या मोकळ्या जागेत दगडी टेबलं आहेत, तिथे चिनी आजोबांचा बुद्धिबळाचा डाव बघत बसायचा. जिंकलो की वरून फोन जायचा. हरलो तर फोन करायचं कोणाच्या लक्षातही राहायचं नाही, मग हा आपला आपणच वर यायचा. इतक्या वर्षांत शेवटच्या षटकात जिंकलेला एकही सामना त्याने डोळ्यांनी पाहिला नाही.

"तुला राग नाही येत? घर तुझं, टीव्ही तुझा," मी एकदा विचारलं.

"जिंकतात ना पण," तो म्हणाला. त्याचाही विश्वास होता की काय, मला शेवटपर्यंत कळलं नाही.

मार्चमध्ये तो गेला. ऑफिसात, जेवणाच्या सुट्टीत, हार्ट अटॅकने. मी रडले नाही. म्हणजे रडायचं नाही असं काही ठरवलं नव्हतं, रडू आलंच नाही. दाताच्या डॉक्टरने इंजेक्शन दिल्यावर ओठ असतो ना, जागच्या जागी पण आपला नसलेला, तशी मी होते. कामावर जात होते. चांगी बिझनेस पार्कपर्यंतचा एमआरटीचा, म्हणजे इथल्या मेट्रोचा, लांबलचक प्रवास कसा संपायचा ते समजायचं नाही. मुलगी पॉलिटेक्निकमधून आली की आम्ही दोघी जेवायचो आणि भाजीत मीठ बरोबर आहे का, एवढंच बोलायचो.

मित्रांनी सगळं केलं. विमानतळावर पुण्याच्या माणसांना आणायला गेले, डबे पाठवले, मुलीला परीक्षेला सोडलं. एकच गोष्ट केली नाही. त्याच्याबद्दल बोलले नाहीत. आणि कधी अगदी बोलावंच लागलं तर "देवमाणूस होता" म्हणायचे. मी त्या देवमाणसाला ओळखत नव्हते. मला माहीत असलेला माणूस मधे मधे बोलून सगळ्यांचं डोकं खायचा, फ्रीजमधलं पाणी तोंड लावून प्यायचा आणि घरात आला की आपली विकेट पडायची. तो माणूस तर कोणाच्याच तोंडी नव्हता.

आपली टीम तीन वन-डे खेळायला ऑस्ट्रेलियाला निघाली, तेव्हा बँकेतल्या मित्राचा फोन आला. हा सगळ्यात जुना. आम्ही दोघं सिंगापुरात उतरलो तेव्हा आम्हाला घ्यायला आलेला.

"वहिनी, या वेळी सामने माझ्याकडे बघू म्हणतो. तुम्हाला उगाच दगदग."

"आमच्याकडेच या," मी म्हटलं.

मला क्रिकेट नको होतं. मला एवढंच हवं होतं, की ही माणसं त्या हॉलमध्ये, त्या टीव्हीसमोर बसली की कोणीतरी त्याला नावं ठेवेल. एक शिवी दिली तरी चालणार होतं. हे कोणाला सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून सांगितलं नाही.

"आई, व्हाय यू लेट देम कम? सो टायरिंग, लाह," मुलगी म्हणाली आणि खोलीत गेली.

पहिला सामना रविवारी. पर्थचं घड्याळ आपल्यासारखंच चालतं, त्यामुळे दुपारच्या आत सगळे हजर. मी मिसळ करणार होते, पण "वहिनी, तुम्ही काहीही करायचं नाही" म्हणत त्यांनी बाहेरून वडे आणले, सोबत कागदी ताटल्यासुद्धा. माझी ताटं कपाटातच राहिली. सोफ्याचा खिडकीकडचा कोपरा रिकामा ठेवून सगळे दाटीवाटीने बसले.

वन-नॉर्थच्या टेक पार्कमध्ये काम करणारा, एम्प्लॉयमेंट पासवर आलेला पुण्याचा मुलगा, गटातला सगळ्यात तरुण, बायकोला घेऊन आला होता. त्याने सुरुवात केली. "तीन वन-डेंत काय कळणार? ही सिरीज नाही, टी-ट्वेंटीच्या आधीचा वॉर्म-अप आहे."

"त्यात ज्येष्ठांचे हाल," बँकेतला म्हणाला. "आता ते बिचारे फक्त वन-डेच खेळतात. महिनोन् महिने बॅट हातात नाही आणि एकदम पर्थच्या उसळीवर उभे करा!"

"मग रिटायर व्हावं."

एरवी एवढ्यावरून आमच्या हॉलमध्ये अर्धा तास महाभारत झालं असतं. बँकेतला नुसता "तेही खरंय" म्हणाला आणि त्याने माझ्याकडे पाहिलं. मग दोघंही पावसाबद्दल बोलू लागले. विकेटा पडत गेल्या, कोणी ओरडलं नाही. पूर्वी शेजारची चिनी आँटी आवाज कमी करा म्हणून दार वाजवायची. त्या दिवशी माझ्या घरात माणसं सभ्यपणे हरली, ताटल्या गोळा करून कचऱ्यात टाकल्या आणि घरी गेली.

दुसरा सामना आडवारी आला. सगळे ऑफिसात, त्यामुळे ग्रुपवर चर्चा. मीही फोन मॉनिटरला टेकवून ठेवला होता, आवाज बंद करून. मनगटी फिरकीवाल्याला बाहेर का बसवलं, यावर सगळे तुटून पडले होते. प्रत्येक जागेवर थोडी बॅट, थोडा बॉल करणारा माणूस हवा, हे खूळ कोणी काढलं? असले मासे ना तळायला, ना रश्श्याला, असं एकाने लिहिलं. टॉस पुन्हा हरले म्हणून दुसऱ्याने कप्तानाची पत्रिका मागवली. ऑस्ट्रेलियाचं शेवटचं षटक सुरू व्हायच्या आधी बँकेतल्याचा एक मेसेज आला आणि मी वाचायच्या आत गेला. त्या जागी "हा मेसेज डिलीट केला आहे" एवढंच उरलं. मी त्या ओळीकडे बघत बसले. तो मेसेज ह्याच्याबद्दलच होता, असं मला वाटलं. विचारणार कसं? सिरीज आपण घालवली होती आणि माझा सगळा जीव त्या पुसलेल्या ओळीत अडकला होता.

शनिवारी तिसरा सामना. सिरीज गेलेलीच, तरी सगळे आले, कारण सवय. पुन्हा कागदी ताटल्या आल्या, पुन्हा तो कोपरा रिकामा राहिला. पण या वेळी आपला पाठलाग जमला. ज्येष्ठांपैकी एक टिकला होता आणि चेंडू बॅटच्या मधोमध लागत होता. "रिटायर व्हावं काय, ऐक आता!" असं बँकेतल्याने एकदा म्हटलंसुद्धा. हळूहळू त्यांचे आवाज मोकळे झाले. कोणी टीपॉयवर पाय टाकले, कोणी वडा हातातच विसरला. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते.

आणि सेट झालेल्या दोघांपैकी एक मूर्खासारखा धावचीत झाला. बँकेतल्याने दोन्ही हात डोक्यावर मारले आणि टीव्हीवरची नजर न काढता खिडकीकडच्या कोपऱ्याकडे बोट करून तो ओरडला, "अरे, ह्याला खाली पाठवा रे कोणीतरी!"

फक्त समालोचक बोलत होता.

मला आनंद झाला. दुसरा शब्द नाही माझ्याकडे. बोट उचललेलं होतं तेवढा वेळ तो तिथे होता. मित्राने त्याला पाहिलं होतं, त्याच्यावर चिडला होता, आता हा उठून चपला शोधणार होता. छातीत काहीतरी हललं. मार्चपासून पहिल्यांदा.

"परत म्हणा ना," मी म्हटलं.

त्याने हात जोडले. डोळे भरून आले होते. "वहिनी, चुकलं. जीभ झडो माझी."

"नाही हो, मी खरंच..."

पण तोवर वन-नॉर्थवाल्याच्या बायकोने मला जवळ घेऊन स्वयंपाकघरात नेलं. खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला. "रडून घ्या ताई," ती म्हणाली. मला रडायचं नव्हतं, मला बाहेर जायचं होतं. बाहेर टीव्हीचा आवाज कोणीतरी बंद केला.

मी हॉलमध्ये आले तेव्हा सगळ्यांच्या पायांत बूट होते.

"बसा की, मॅच राहिलीय."

"नको वहिनी. तुम्ही आराम करा."

पाठलाग रंगात आलेला असताना ही माणसं उठून गेली. असं आमच्या घरी पूर्वी कधीच झालं नव्हतं. उरलेली षटकं मी एकटीने पाहिली. आपण जिंकलो.

रविवारी सकाळी ग्रुपवर बँकेतल्याने लिहिलं, "यापुढे सगळे सामने माझ्याकडे. वहिनींना पुन्हा असा त्रास नको." खाली अंगठे येऊ लागले.

मी लिहायला घेतलं, "मला त्रास झाला नाही. उलट." पुढचं सुचेना. नवऱ्याला कोणीतरी हाकललं म्हणून बरं वाटलं, हे ग्रुपवर कसं लिहायचं? पुसलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा पुसलं. एव्हाना सगळ्यांचे अंगठे येऊन गेले होते. माझा आला नसता तर त्यांना काळजी वाटली असती, फोन आले असते, डबा आला असता. मीही अंगठा दिला.

लगेच कोणीतरी लिहिलं, "वहिनी खरंच समजूतदार आहेत." त्यालाही सगळ्यांनी अंगठे दिले.