झाकणाच्या बदल्यात

ठाण्याला थंडी पडते ती मोजून आठ-दहा दिवस, आणि तेवढ्यासाठी अंगावर लोकर चढवायची हे मला कधी पटलेलं नाही. स्वेटर घातला की मान आवळल्यासारखी होते, ओढणीचा बोळा होतो, आणि अकरा वाजता ऊन चढलं की तोच स्वेटर हातावर टाकून दिवसभर हिंडावं लागतं. त्यामुळे आमच्या वर्तकनगरच्या घरात माझे गरम कपडे दोनच होते. एक शाल, आणि माझ्या मोठ्या नणंदेनं विणलेला वांगी रंगाचा स्वेटर. बारा वर्षांत तो मी दोनदा घातला. दोन्ही वेळा त्यांच्यासमोर.

नणंदेला आम्ही ताई म्हणतो. त्या डोंबिवलीला एकट्या राहतात आणि घरातल्या प्रत्येकाला त्यांनी कधी ना कधी काहीतरी विणून दिलेलं आहे. मला दिलेला स्वेटर बंद गळ्याचा होता, डोक्यातून घालायचा. मी 'छान आहे' म्हणाले होते आणि कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवून दिला होता.

दरवर्षी दिवाळीच्या आधी मी कपाट उपसते. वर्षभर अंगाला लागलं नाही ते बाहेर, असा माझा नियम आहे आणि तो पाळण्याचा मला अभिमान होता. कपडे घेऊन भांडी देणारी बोहारीण आमच्या सोसायटीत दुपारी येते. त्या वर्षी मी तिच्यापुढे दोन साड्या, नवऱ्याच्या तीन पँटी आणि मुलाचे जुने शर्ट मांडले. माझा डोळा तिच्या पाटीतल्या स्टीलच्या डब्यावर होता, तीनेक किलो रवा मावेल एवढा.

तिनं पँटींचे गुडघे उजेडात धरून पाहिले. "एवढ्यात डबा येईल, भाभी. झाकण नाही."

"बिनझाकणाचा डबा डोक्यावर घालू का?"

"मग वर काहीतरी टाका ना."

मी आत गेले आणि वरच्या फळीवर हाताला जे लागलं ते घेऊन आले. हाताला काय लागलं ते मला कळलं नाही, असं मी पुढे स्वतःला सांगून पाहिलं. ते खरं नाही. मला कळलं होतं.

"फाटलाय का कुठे?" बोहारणीनं विचारलं.

"कोरा करकरीत आहे," मी म्हणाले. तेवढं तरी खरं होतं. तिनं तो हातावर तोलला, पाटीत टाकला आणि मला झाकण दिलं. दुसऱ्या दिवशी ऑफिसात मी हा सौदा दोघींना रंगवून सांगितला.

नोव्हेंबरात मुलाची दिल्लीला बदली झाली आणि जानेवारीत आम्ही आठ दिवस यायचं असं त्यानं ठरवून टाकलं. तिथली थंडी शालीवर भागणारी नव्हती. मी यादी केली. आतून घालायचे थर्मल, चपलेत घालता येतील असे वेगळ्या अंगठ्याचे मोजे, पुढून उघडं काहीतरी. खरेदी बाकीच होती, तेवढ्यात ताईंचा फोन आला.

"दिल्लीला जातेस म्हणे. घालणार काय? शाल?"

"घेईन काहीतरी, ताई."

"घेऊ नकोस. तो वांगी स्वेटर आण. मी उसवते. तुला तो गळा आवडत नाही हे मला दिसत नाही असं वाटतं का तुला? पुढून बटणांचा करून देते. तू जरा भरली आहेस आता, लोकर कमी पडेल, म्हणून एक लडी आणूनसुद्धा ठेवलीय."

"पण ताई, तुमचे डोळे." त्यांचे दोन्ही मोतीबिंदू पिकत आले होते. ऑपरेशन संक्रांतीनंतर होतं.

"डोळ्यांनी कोण विणतं? आण तू."

त्या क्षणी सांगायला काहीच लागत नव्हतं. फोनवर तोंडही दिसत नाही. दोन वाक्यांचं काम होतं आणि दोन वाक्यांत काम संपवण्यासाठी मी ऑफिसात प्रसिद्ध आहे. मी म्हणाले, "रविवारी आणते."

नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "सांग सरळ. ओरडेल आणि विसरून जाईल."

"तुम्हाला ओरडतील. मला नाही ओरडणार."

"मग बरंच की."

"बरं नाही," मी म्हणाले, पण का ते त्याला समजावत बसले नाही.

मी अडचण आली की मार्ग काढते, मनाला लावून घेत नाही. शनिवारी स्टेशनाजवळ थंडीचे कपडे घेऊन बसतात त्यांच्याकडे गेले. थर्मल घेतलं, मोजे घेतले आणि तिसऱ्या गाठोड्यात मला वांगी रंगाचा बंद गळ्याचा स्वेटर सापडला. रंग थोडा गडद होता. घरी येऊन मी तो तीनदा मशीनमध्ये फिरवला, कोपरांवर कपड्यांचा ब्रश घासला. नवरा दारात उभा राहून बघत होता.

"हा घालायला आहे की दाखवायला?"

मी दुसरं कोपर घासायला घेतलं. माझा हिशेब असा होता की ताईंना नीट दिसत नाही. हे मी शब्दांत मांडलं नव्हतं, पण सगळी योजना त्यावरच उभी होती.

रविवारी मी डोंबिवलीला गेले. सोबत रव्याचे लाडू नेले आणि ते नेले बोहारणीकडून घेतलेल्या त्याच डब्यात, कारण घरात तेवढा दुसरा डबा नव्हता. किंवा होता, पण हा नवा होता.

ताई खिडकीशी बसल्या होत्या. लाडवांचा डबा मी टेबलावर ठेवला आणि पिशवीतून स्वेटर काढून त्यांच्या मांडीवर दिला. त्यांनी तो उलगडला, डोळ्यांजवळ नेला नाही. चष्माही लावला नाही. डावी बगल बोटांनी चाचपायला लागल्या.

"माझी गाठ डाव्या बगलेत असते," त्या म्हणाल्या. "तिथूनच उसवायला लागायचं. एकदा टोक मिळालं की सरसर निघतं."

त्यांचं बोट शिवणीवरून फिरत होतं. बगलेतून कडेला, कडेवरून खाली, पुन्हा वर. सांध्यांच्या दुखण्यानं त्यांची मधली बोटं जाड झाली आहेत. मी समोर बसून बघत होते. मला वाटत होतं, आता कळेल, आणि वाटत होतं, कदाचित नाही कळणार. त्या उजव्या बगलेकडे गेल्या. मग पुन्हा डावीकडे आल्या.

"कुठे बांधली मी या वेळी?" त्या स्वतःशी म्हणाल्या. "विसरायला लागलेय की काय."

त्या स्वतःची चूक शोधत होत्या. हे मी बघत बसले. किती वेळ, ते सांगता येणार नाही. चहा उकळून खाली ठेवण्याएवढा तरी.

मग त्यांनी स्वेटर उलटा केला आणि आतली शिवण अंगठ्याखाली घेतली. मशीननं कापून शिवलेली, इंटरलॉक मारलेली. थांबल्या.

"हा कोणाचा आणलास?"

"ताई, तुमचा मी बोहारणीला दिला. दिवाळीत."

त्यांनी स्वेटर पुन्हा सुलटा केला, बाह्या आत घेतल्या, नीट घडी घातली आणि माझ्याकडे दिला. "हा उसवणार नाही. तुकडे तुकडे निघतील नुसते. घाल तसाच."

"मी सांगणार होते."

"कधी?"

त्या उठल्या, कपाटातून लडी काढली. राखाडी रंगाची होती. माझे दोन्ही हात पुढे करायला लावून त्यांनी ती माझ्या मनगटांत अडकवली आणि समोर बसून गुंडा करायला लागल्या. म्हणाल्या, "एवढ्यात बिनबाह्यांचं जाकीट होईल. तुला नाहीतरी बाह्या नको असतात. हात ताठ धर."

मी बेड्या घातल्यासारखी बसले. लोकर माझ्या एका मनगटावरून दुसऱ्यावर सुटत होती. घरी मी असं कधी बसत नाही, हाताला काहीतरी चालू असतं.

"काय दिलं तिनं?" त्यांनी विचारलं.

मी मानेनं टेबलाकडे दाखवलं. मग लक्षात आलं की ते त्यांना दिसणार नाही, म्हणून म्हणाले, "तो लाडवांचा डबा."

गुंडा थांबला. त्यांनी हात लांब करून डबा ओढला, बुडावर टिचकी मारली. "पत्रा पातळ आहे."

"हो."

"सगळा डबा स्वेटरवर दिला?"

साड्या, पँटी, शर्ट यांचं नाव मला घेता आलं असतं. झाकणाचं सांगता आलं असतं. सकाळपासून खरं बोलायचं राहिलं होतं आणि आता कुठे बोलायला लागले होते.

"हो," मी म्हणाले. "एकट्या स्वेटरवर."

"मग ठीक आहे," ताई म्हणाल्या आणि पुन्हा गुंडाळायला लागल्या. थोड्या वेळानं म्हणाल्या, "तरी अजून घासाघीस करायचीस. भरपूर लोकर होती त्यात."

मी हे त्यांच्यासाठी बोलले की माझ्यासाठी, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. त्यांच्यासाठी, असं म्हणायला बरं वाटतं, म्हणून त्यावर माझा विश्वास नाही.

निघताना त्यांनी लाडू ताटात काढून घेतले. डबा रिकामा द्यायचा नसतो, म्हणून त्यात पोह्यांचा चिवडा भरला. झाकण लावलं, दाबलं, ते पुन्हा वर आलं.

"झाकण सैल आहे गं. वाटेत सांडेल."

त्यांनी गुंड्याचं टोक घेतलं, हातभर लोकर तोडली, डब्याला उभी-आडवी गुंडाळली आणि गाठ मारली. ती गाठ त्यांनी न बघता मारली.

जाकीट आठवड्याभरात आलं. दिल्लीत आठही दिवस मी तेच घातलं, थर्मलवर. कुरकुर केली नाही. मुलगा म्हणाला, "आई, तू चक्क स्वेटर घातलास." स्टेशनाजवळून आणलेला वांगी स्वेटर ठाण्यातच होता. आता दिवाळी आली तरी तो फळीवरून काढायचं मी टाळते.

पण हे नंतरचं. त्या रविवारी मी घरी आले, डबा ओट्यावर ठेवला. नवरा म्हणाला, "चिवडा आहे वाटतं. खोल की." सुरी हाताशीच होती. एरवी मी गाठी सोडवत बसत नाही, कापून टाकते. मी खुर्ची ओढून घेतली आणि नखानं ती गाठ सोडवायला लागले. तिला पुष्कळ वेळ लागला. नवरा तोपर्यंत उभाच होता.