दिव्याच्या पाठीची तपासणी

चाकणच्या एका प्रेसशॉपमध्ये ज्योतीराम क्वालिटीत होता. पत्र्याच्या पार्टमध्ये केसाएवढी फट राहिली तरी आपल्या नजरेतून सुटत नाही, असं तो सगळ्यांना सांगे. दुसरं कुणी तसं म्हटल्याचं त्याला आठवत नव्हतं.

एका रविवारी त्याची सात वर्षांची दिव्या आरशासमोर उभी होती. कंबर आत गेलेली, पोट पुढे आलेलं. ज्योतीराम घाबरला. पोरगी जन्मभर अशीच वाकडी राहिली तर? पण डॉक्टर गाठायचं सोडून या शहाण्याने कंपनीतली पद्धत घरात आणली. दिव्याला भिंतीला टेकवून उभं करायचं, कंबरेमागच्या फटीत लाकडी ठोकळे सरकवून बघायचे आणि जो बसेल त्याची जाडी कॅलेंडरवर लिहायची. रोज सकाळी, कंपनीची बस यायच्या आधी. वर तिचा खो-खोही बंद.

तीन आठवड्यांत फट निम्म्यावर आली. ज्योतीराम स्वतःवर बेहद्द खूश झाला.

"अवो, ती पोट आत वडून धरती," बायको करिष्मा म्हणाली. "तुमी बसमधी चढले की सोडती."

मग कुठे साहेब चिंचवडला हाडांच्या डॉक्टरकडे निघाले. तेही कॅलेंडर काखेत मारून.

डॉक्टर सुखदाबाईंनी कॅलेंडर न बघताच बाजूला ठेवलं आणि दिव्याला पुढे वाकून पायाचे अंगठे धरायला सांगितलं. ती वाकली तशी कंबरेतली खोलगट जागा नाहीशी झाली.

"बघा, वाकल्यावर बाक जातोय. या वयात बऱ्याच मुलांना असं असतं, बहुतेकदा वाढताना कमी होतं. वाकूनही तसाच राहिला असता, किंवा दुखत असतं, तर एक्सरे काढला असता. खेळू द्या तिला."

पंधरा वर्षं क्वालिटीत काढली, पण पोरीला एकदा वाकायला सांगायचं काही सुचलं नाही. ज्योतीराम ओशाळून हसला.

"कुठे दुखतं का गं तुला?" डॉक्टरांनी विचारलं.

"नाही. पप्पा ठोकळा घेतात तेव्हा रडू येतं," दिव्या म्हणाली. "पण रडलं की पोट हलतं. म्हणून मी बस गेल्यावर रडते."

तिला जवळ घ्यायला ज्योतीरामने हात पुढे केला. दिव्या घाईघाईने भिंतीपाशी गेली आणि पोट आत ओढून उभी राहिली.