कूमची तार

बल्गेरियातल्या लोवेच गावात आमच्या वस्तीला इंटरनेट पुरवतो तो रादोय. मी त्याच्याकडे फोन घेते, म्हणजे लोकांच्या शिव्या खाते. माणूस सज्जन, पण हेका धरला की संपलं.

गेल्या हिवाळ्यात आमच्या गिऱ्हाइकांचे ईमेल परत यायला लागले. डॉक्टरीणबाईंचे रिपोर्टसुद्धा कुणी घेईना. कारण टेकडीवरचा स्तोइमेन. त्याचं नेटवर्क आमच्याच तारेतून बाहेर जातं, आणि त्याचं एक गिऱ्हाईक बारीक व्हायच्या गोळ्यांच्या लाखो जाहिराती जगभर उधळत होतं. नाव खराब झालं आमचं.

स्तोइमेन पडला रादोयचा कूम, लग्नात पाठीशी उभा राहिलेला धर्मबाप. त्याच्यापुढे आवाज चढवायचा नसतो. रादोयने तीनदा गोडीत सांगून पाहिलं.

"मी पाठवतो का? तो पाठवतो!" कूम म्हणाला.

"पण दार तुमचं आहे, कूम."

"मग तू तुझं लावून घे!"

रादोयने खरंच लावलं. छतावर चढून तार काढली. टेकडीवरची तीनशे घरं बंद. त्यांत त्याची आईही आली. स्पेनमध्ये वालेन्सियाला असलेल्या लेकीशी ती रोज इंटरनेटवरूनच बोलायची, तेही बंद.

मग क्षमेचा रविवार आला. धाकट्याने थोरल्याच्या हाताचं चुंबन घेऊन माफी मागायची, थोरल्याने द्यायचीच. रादोय संत्री घेऊन कूमकडे गेला. मीही गेले, असलं भांडण मी चुकवत नाही.

"माफ करा, कूम."

"केलं माफ!" कूम खुलला. "जोड आता तार."

"माफी तोडल्याची मागितली. गोळ्यावाला आहे तोवर जोडणार नाही."

कूमने सणाच्या हलव्याची ताटली बाजूला सारली. मला मात्र अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू!

रादोयची आईही सणाला तिथेच आली होती, जमलेल्यांत सगळ्यांत थोरली. तिच्यापुढे कूमलाही वाकावं लागलं.

"माफ करा, दोन्कामावशी."

म्हातारीने हात शालीत घेतला. "गोळ्यावाल्याला हाकल आधी."

"आज नाही म्हणता येत नाही, मावशी!"

"नाही कुठं म्हणतेय? हात देते ना, तुझा फोन झाला की."

कूमने तिथूनच फोन लावला आणि गोळ्यावाल्याला हाकललं. मग कुठे हात मिळाला.

रादोय ऐटीत कोट चढवून तार जोडायला निघाला.

"थांब," म्हातारी म्हणाली. "कूमचा हात आठवला. माझा?"

रादोय कानापर्यंत लाल झाला आणि गुडघ्यांवर बसला.

"तोडलीस ते बरंच केलंस," ती म्हणाली. "पण आदल्या दिवशी मला सांगितलं असतंस, तर लेकीला कळवलं असतं ना रे. चोवीस दिवस तिला वाटलं, मी मेले."

हात तिने बराच वेळ शालीतच ठेवला.