रुंद टायरचं गाऱ्हाणं

लग्न ठरलं तेव्हा मला दोन गोष्टी सांगण्यात आल्या होत्या. मुलगा मरोळच्या एका कंपनीत लेथ मशीनवर आहे आणि त्याच्याकडे मोटरसायकल आहे. खोली एकच आहे आणि तिच्यात सासू-सासरेही राहतात, हे आम्ही घर बघायला गेलो तेव्हा कळलं. मोटरसायकल मात्र सांगितल्यापेक्षा मोठी निघाली. साडेतीनशे सीसीची, दोन सिलिंडरांची, दोन सायलेन्सरांची. आमच्या जोगेश्वरीच्या चाळीत तेव्हा दोन-तीन स्कूटर आणि बाकी सगळ्या सायकली. ही गाडी सुरू झाली की तळमजल्यावरच्या बिऱ्हाडांची भांडी मांडणीवर वाजायची आणि वरची माणसं कौतुकाने गॅलरीत यायची.

ही शहाऐंशी-सत्त्याऐंशीच्या सुमाराची गोष्ट. मी घाटकोपरची, माझं माहेर मूळचं साताऱ्याकडचं. सासर मालवणी. सासरे गिरणीत होते. संपानंतर ती गिरणी उघडलीच नाही, तेव्हापासून ते घरीच असायचे. सासूबाई कमी बोलायच्या, आणि बोलल्या तर ते बहुतेक माशांबद्दल असायचं. दोघंही माणसं चांगली होती, पण ती सतत होती. एका खोलीत चार माणसं असली की नवरा-बायकोत जे बोलणं होतं ते असं: पाणी द्या, डबा भरला का, पंखा तिकडे फिरवा. लग्नाला सहा महिने झाले तरी नवऱ्याला चहा गोड आवडतो की कमी गोड, हे मला सासूबाईंकडूनच कळायचं.

म्हणून मला गाडी हवी होती. गाडीची हौस म्हणून नव्हे, तिच्या मागच्या सीटसाठी. संध्याकाळी नवरा कामावरून आला की आम्ही दोघं खारदांड्याला मासे आणायला जायचो. मासे जोगेश्वरीतही मिळत, पण खारदांड्याच्या कोळीवाड्यातले बोंबील ताजे असतात, असं मी लग्नानंतर पंधरवड्यातच ठरवून टाकलं होतं आणि सासऱ्यांना ते पटलंही होतं. घरात मी नवऱ्याला ‘अहो’ म्हणायचे. गाडी हायवेला लागली की ‘तू’. सांताक्रूझपर्यंत माझं सगळं बोलून व्हायचं, मग त्याची पाळी. हा मुखदुर्बळ माणूस गाडीवर बसला की पोपटासारखा बोलायचा. मासे घेतले की आम्ही तिथल्या खडकांवर थोडा वेळ बसायचो आणि पिशवीतल्या बोंबलांचा वास सहन करत भांडायचो, हसायचो, पुन्हा भांडायचो. माझा सगळा संसार त्या दीड-दोन तासांत होत होता. बाकी दिवसभर मी त्या घरची सून होते.

आणि नवऱ्याच्या डोक्यात रुंद टायर शिरला.

त्याचं म्हणणं, एवढ्या ताकदीच्या गाडीला मागचा टायर फारच बारीक आहे. पैलवानाने लहान पोराची चप्पल घातल्यासारखा दिसतो. शिवाय ओल्या रस्त्यावर चाक सटकतं, हे कारण त्याने मला आणि सासूबाईंना सांगायला राखून ठेवलं होतं. कुर्ल्याच्या जुन्या बाजारात फिरून फिरून त्याने कुठल्याशा परदेशी गाडीचा एक जाडजूड टायर पैदा केला आणि तो खोलीत आणून कॉटखाली ठेवला. आठवडाभर घरात बोंबलांऐवजी रबराचा वास येत होता.

रविवारी आम्ही केव्हज रोडवरच्या एका गॅरेजात गेलो. मी स्टुलावर बसून सगळं पाहिलं. साबणाचं पाणी लावून, पट्ट्या घालून टायर रिमवर चढवताना मेकॅनिकला घाम फुटला. मग चाक जागेवर बसेना. ब्रेकचा रॉड आड आला, तो वाकवला. चेनचं कव्हर घासलं, ते ठोकून बाजूला केलं. चाक जितकं मागे ओढता येईल तितकं ओढलं. शेवटी टायर आणि वरचं मडगार्ड यांच्यात बोटभर फट राहिली. मेकॅनिकने त्या फटीत बोट घालून दाखवलं, नवऱ्याने घालून बघितलं, आणि मलाही घालायला लावलं. गाडी दिसायला झकास दिसत होती, हे खोटं कशाला बोलू.

घरी सासरे गाऱ्हाणं घालायला तयारच होते. आमच्याकडे साताऱ्याला नवीन वस्तू आणली की हळद-कुंकू वाहून नारळ फोडतात आणि मोकळे होतात. मालवणी माणूस देवाशी बोलल्याशिवाय काही करत नाही. घरातला मोठा माणूस नारळ पुढे ठेवून देवाला खडान्‌खडा सांगतो की काय झालंय आणि काय होऊ द्यायचं नाही, आणि बाकीच्यांनी प्रत्येक वाक्याला ‘व्हय महाराजा’ म्हणायचं. सासऱ्यांनी गाडीसमोर उभं राहून डोळे मिटले आणि चाळभर ऐकू जाईल अशा आवाजात सुरुवात केली.

“बा देवा महाराजा, माझ्या झिलान आज गाडयेक रुंद टायर घातल्यान हा. त्येका खिळो लागाक देव नको, हवालदाराची नजर पडाक देव नको, आणि शेजाऱ्यांची तर बिलकूल नको.”

सगळे शेजारी एका सुरात ‘व्हय महाराजा’ म्हणाले.

नारळ फुटला, चाकाखाली लिंबू चिरडलं, आणि गाडीच्या पहिल्या फेरीला मला मागे बसवण्यात आलं. मी नवी साडी नेसले होते. चाळीच्या फाटकाशी एक उंचवटा होता. गाडी त्याच्यावरून गेली आणि माझ्या खालून ‘घर्रर्र’ असा आवाज आला. पाठोपाठ रबर जळल्याचा वास. नवऱ्याने गाडी थांबवली. मी उतरले, त्याने एकट्याने फेरी मारली. आवाज नाही. मी बसले. घर्रर्र. सगळी चाळ गॅलरीतून बघत होती, आणि टायरकडे कोणी बघत नव्हतं, माझ्याकडे बघत होते. तेव्हा मी इतकी किडकिडीत होते की माहेरी मला सगळे काडी म्हणायचे.

परत गॅरेज. मेकॅनिकने एकट्याने चक्कर मारली आणि म्हणाला, “मॅडम बसल्यावरच घासतं ना. आपलं काम एकदम ओके आहे.”

खरं कारण साधं होतं. मागे माणूस बसलं की शॉकॲब्सॉर्बर दबतो, मडगार्ड खाली येतं आणि ती बोटभर फट मिटते. त्या फटीची तीनतीनदा खात्री करून घेतली होती, पण मी बाजूला स्टुलावर बसले असताना. नवऱ्याने दोन माणसांची गाडी एका माणसाच्या मापाने शिवून घेतली होती. मडगार्ड कापायला तो तयार नव्हता, ते कंपनीचं होतं. कडक स्प्रिंगा घालून पाहिल्या, तर गाडी मागून एवढी उंच झाली की साडी नेसून मला तिच्यावर चढता येईना. चढले तर प्रत्येक खड्ड्याला उडायला लागले. मग तो मला म्हणाला, तू जरा पुढे सरकून बसत जा. मी पुढे सरकले. घर्रर्र. मग, काही दिवस आपण बसने जाऊ. मग, आज मी एकटाच मासे घेऊन येतो, तू दमली असशील. मी दमले नव्हते. मी भडकले होते, पण भडकायला जागा नव्हती. जी जागा होती ती सीटच गेली होती.

सासऱ्यांना या भानगडीचं मूळ वेगळीकडेच दिसलं. त्यांनी दोन दिवस विचार केला आणि चहा पिताना कबूल केलं, “मागच्या सीटीचा बोलूक मी इसारलंय.” गाऱ्हाण्यात खिळा आला, हवालदार आला, शेजारी आले, पण मागे बसणाऱ्या माणसाचा उल्लेखच राहिला. देवाला सांगितलं नाही, तर देव तरी काय करणार? त्यांनी दुसरा नारळ आणवला आणि पुरवणी गाऱ्हाणं घातलं. त्यात माझ्या वजनाचाही उल्लेख आला, तोही मोठ्या आवाजात. मी दात-ओठ खात ‘व्हय महाराजा’ म्हटलं आणि गाडीवर बसले. घर्रर्र.

आता खारदांड्याला नवरा एकटाच जायला लागला. त्याला लेथवर केसाएवढा फरक कळायचा, पण मासळीतलं काही कळायचं नाही. कोळणी माझ्या ओळखीच्या होत्या. त्यांनी पहिल्याच दिवशी त्याला विचारलं, बायको कुठे, आणि मग जे टोपलीच्या तळाशी होतं ते त्याच्या पिशवीत घातलं. मऊ पडलेले बोंबील, कालचे बांगडे. सासूबाईंनी पिशवी उघडून नुसता वास घ्यायचा आणि कालवणात जास्तीची कोकमं घालायची. सासरे ताटाकडे बघून सुस्कारा टाकायचे. मी मनातल्या मनात कोळणींना आशीर्वाद द्यायचे.

पण नवरा टायर काढायला तयार नव्हता, आणि सासऱ्यांनाही तो काढावासा वाटत नव्हता. चाळीतली माणसं येऊन त्या टायरवरून हात फिरवायची, तेव्हा सासरे शेजारी उभे राहून त्याच्याबद्दल माहिती द्यायचे. गिरणी गेल्यापासून इतक्या माणसांनी त्यांना एकदम काही विचारलं नव्हतं. एकदा न राहवून मी सगळ्यांसमोर म्हणाले की या घरात एक तर टायर राहील नाही तर मी मागे बसेन. सुनेने असं बोलायची पद्धत नव्हती. सासऱ्यांनी चष्मा काढला आणि म्हणाले, मग कौल लावू.

कौल लावणं म्हणजे देवालाच विचारणं. एका रविवारी सकाळी त्यांनी देव्हाऱ्यापुढे पाटावर कलश मांडला, त्यावर नारळ, आणि नारळाला दोन्ही बाजूंना जास्वंदीची एकेक ओली पाकळी चिकटवली. उजवी आधी पडली तर एक उत्तर, डावी पडली तर दुसरं. पंखा बंद. माझा नवरा हात जोडून, डोळे मिटून बसला. सासऱ्यांनीही डोळे मिटले.

“टायर ठेवूचो असात तर उजवी दी महाराजा, काढूचो असात तर डावी दी.”

पाकळ्या हलेनात. सासरे पुन्हा पुन्हा विनवत होते. उकाड्याने माझ्या पाठीवर घाम निथळत होता. डोळे मिटायचे होते, पण माझे मिटत नव्हते. माझं सगळं त्या डाव्या पाकळीत अडकलं होतं आणि मला भीती वाटत होती. देवानेच टायर ठेवा म्हटल्यावर पुढे मी कोणापाशी बोलणार होते? जन्मभर ‘अहो’ म्हणत पाणी देत राहायचं होतं.

आमचा टेबलफॅन जमिनीवरच असायचा, पाटाच्या डाव्या अंगाला. सासूबाई त्याच्या शेजारी बसल्या होत्या, हात जोडून. मी बघत असतानाच त्यांचा उजवा पाय लुगड्याच्या काठाखालून पुढे आला आणि अंगठ्याने पंख्याचं बटण दाबलं. सगळ्यात हळू चालणारं. पंखा कुरकुरत फिरला. वारा माझ्याही तोंडावर आला, तेव्हा सासऱ्यांना तो लागला नसेल हे मला आजही खरं वाटत नाही. त्यांनी डोळे उघडले नाहीत. उलट पंख्याची कुरकुर बुडेल इतका आवाज चढवला आणि गाऱ्हाणं आणखी लांबवलं. डावी पाकळी कडेने वाळली, वळली आणि गळून पाटावर पडली. अंगठ्याने दुसरं बटण दाबलं. पंखा थांबला.

सासऱ्यांनी डोळे उघडले, पाकळीकडे पाहिलं आणि देवाचा निकाल जाहीर केला. नवऱ्याचं तोंड उतरलं, पण देवापुढे त्याचं काही चालेना. दुपारपर्यंत जुना बारीक टायर गाडीला परत बसला. रुंद टायर पुन्हा कॉटखाली गेला आणि पुढे बरीच वर्षं तिथेच राहिला.

त्याच संध्याकाळी सासूबाईंनी माशांची पिशवी माझ्या हातात दिली. नवरा खाली गाडी पुसत होता, सासरे गॅलरीत होते. मला राहवलं नाही. मी हळूच म्हणाले, आई, तो पंखा. त्यांनी माझ्याकडे न बघता माझ्या पदराची पिन नीट केली.

“ह्याच खोलयेत माझी सासू होती, दोन दीर होते, एक नणंद होती,” त्या म्हणाल्या. “आमच्याकडे गाडी नव्हती गो.”

त्यांनी मला दाराकडे वळवलं आणि परत येण्याची घाई करू नको म्हणून सांगितलं.

फाटकाच्या उंचवट्यावरून गाडी गेली तेव्हा काहीच वाजलं नाही. आई काय म्हणाल्या, असं नवऱ्याने हायवेवर विचारलं. मी म्हटलं, तुला काय करायचंय, तू गाडी चालव. त्या दिवशी आम्ही खडकांवर इतका वेळ भांडलो आणि बोललो की कोळणी पाट्या धुऊन घरी गेल्या आणि आमच्या पिशवीत एकही मासा पडला नाही. परत येताना सासऱ्यांना काय सांगायचं, याची मी वाटभर जुळवाजुळव करत होते.

दार उघडलं तर ताटं मांडलेली होती. सासूबाईंनी कुळथाची पिठी करून ठेवली होती, भातही झाला होता. स्टोव्ह कधीच थंड झाला होता. सासऱ्यांनी रिकाम्या पिशवीकडे एकदा बघितलं, मग बायकोकडे बघितलं, आणि निमूटपणे पिठी-भात कालवायला घेतला.