खळ्यावरच्या खोल्या

सानपाड्याला आमच्या घरासमोर खळं होतं. वडील आणि काका एकाच घरात भिंत घालून राहत. खळं मात्र सामाईक. त्यावर भाताची झोडणी व्हायची आणि घरातल्या प्रत्येक लग्नाचा मांडवही तिथेच पडायचा. मांडवाच्या दिवशी उंबराची फांदी वाजतगाजत आणून रोवायची आणि हळद उतरेपर्यंत ती हलवायची नाही, अशी आमच्याकडची रीत.

शहरासाठी शेतं गेली तेव्हा दोन्ही घरांत मोबदला आला. वडिलांनी तो बँकेत ठेवला. काकांना व्याजाचा भरवसा नव्हता. आम्ही उरणला आत्याकडे गेलो असताना त्यांनी खळ्यावर पाया खणून घेतला. परत आलो तर दारासमोर विटा रचलेल्या. वडिलांनी विचारलं, तेव्हा काका म्हणाले, "भात गेला. आता खल्याला काय चाटाचं हाय?"

वडील भांडले नाहीत, आणि त्याचाच मला राग होता. ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या कारखान्यांतले कामगार त्या खोल्यांत राहायला आले. आमच्या दाराला जेमतेम एक बोळ उरला.

दोन वर्षांनी बहिणीचं लग्न ठरलं. मांडव रस्त्यावर घालावा लागला. हळद लागत असताना एसटी आली. ड्रायव्हर थांबून राहायला तयार होईना, कंडक्टर खाली उतरून ओरडायला लागला. शेवटी दोर सोडले आणि वडिलांनी स्वतःच्या हाताने उंबराची फांदी उपटली. बस जाईपर्यंत ती काकांच्या सहा-सात वर्षांच्या मुलीने मांडीवर धरून ठेवली होती. लग्नाची गाणी गाणारी धवलारीण मध्येच थांबली. बहीण हळदीच्या अंगाने रस्त्याकडेला उभी राहिली आणि खोल्यांतले भाडेकरू दारात उभे राहून बघत होते. वडील त्यानंतर कुणाच्याच मांडवाला गेले नाहीत. पुढल्या पावसाळ्यात ते वारले.

मी वाट बघितली. सूड घ्यायला काय लागतं हे मला तेव्हा कळलं: नोकरी सांभाळायची, सणाला काकांच्या पाया पडायचं आणि घरामागची आपल्या वाट्याची मोकळी जागा तशीच ठेवायची. तोवर गावात दुसरी मोकळी जागा उरली नव्हती. ज्याने त्याने अंगणात खोल्या काढल्या होत्या.

फांदी धरून बसलेल्या काकांच्या त्याच मुलीचं लग्न ठरलं, तेव्हा काका माझ्याकडे आले. ओट्यावर न बसता उभ्यानेच म्हणाले, "बाला, पोरीचा मांडव तुज्या जागेन घालू दे. दारान मांडव नाय त तिला काय सांगू?"

मी म्हणालो, "घाला की काका. तुमचीच जागा आहे."

ते निवांत झाले. सोयऱ्यांना आमंत्रणं गेली. मग लग्नाच्या आठवड्यात मी वडिलांची ठेव मोडली आणि तिथे पाया खणायला गवंडी लावले. काका धावत आले. मी त्यांचंच खळ्याचं वाक्य त्यांना ऐकवलं. मला फार बरं वाटलं. आजही त्यातलं थोडं बरं वाटणं शिल्लक आहे, हे लिहिताना लाज वाटते, पण आहे.

मांडव रस्त्यावरच पडला. बस आली. या वेळी फांदी माझ्या आईने उपटली आणि छातीशी धरून ती नवरीशेजारी उभी राहिली. घरी आल्यावर तिने मला एवढंच विचारलं, "तुजा बापूस रस्त्यावर उबा रायला, त्यात या पोरीचा काय दोस?"

गिलावा सुकायच्या आत तुर्भ्याच्या बाजारातले माथाडी माझ्या खोल्यांत राहायला आले.

पुढे सरकारी पाहणीचा एक तरुण गावात फिरत होता. कुटुंबांची गुंतवणूक आणि घरभाड्याचं उत्पन्न यांवरून या भागाची प्रगती मोजायची, असं त्याने समजावलं. काका आणि मी एकाच ओट्यावर त्याच्यासमोर बसलो होतो. दोघांचीही उत्तरं ऐकून तो खूश झाला. मोबदल्याचा पैसा लोक उडवतात असं त्याने ऐकलं होतं. आमच्या घराने तो कामाला लावला होता. ठेव मोडून बांधकाम करावं असं कशामुळे सुचलं, असं त्याने मला विचारलं.

माझ्याआधी काकाच म्हणाले, "लिवा सायेब. पुतन्या माजेकडूनच शिकला."

आतून आईने चहा पाठवला. दोनच कप होते, एक त्या तरुणाला आणि एक काकांना.