काळटेकडीवर मावशी झोपेत होती

या सदरातले गूढ अनुभव मी वाचते ते बहुतेक वेळा भांडायला. वाचून झालं की बाबांना म्हणते, “हे बघा, पुन्हा तेच, पांढरी साडी आणि बंद पडलेली गाडी!” आमच्या वाशीमच्या घरात देवघर नाही. त्या कोनाड्यात पत्रकांचे गठ्ठे असतात. माझं नाव क्रांती, यावरून बाकीचं समजून घ्या. अंगात येणं, भानामती, बुवाबाजी यांच्याविरुद्धची पत्रकं मी शाळेत असल्यापासून बसस्टँडवर वाटत आले आणि आता स्वतः लिहिते. त्यामुळे पुढचं सगळं वाचताना “ही आधीपासूनच भाबडी असणार” असं कृपा करून समजू नका.

मानोरा तालुक्यात एक धरण आहे. नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढे कळेल. धरणात आमच्या शांतामावशीचं सासरचं गाव बुडालं. गावाच्या पाठीमागची काळटेकडी तेवढी पाण्याबाहेर राहिली, म्हणजे वर्षातले बरेच महिने ती बेटच असते. उन्हाळ्यात पाणी उतरलं की जुना गाडरस्ता चिखलातून वर येतो आणि मग जीप जाऊ शकते. बबलू नावाच्या एका उत्साही माणसाने त्यावरच धंदा सुरू केलाय. ‘ज्वालामुखी बेट — एक दिवसाची जीप सफर’. पोहरादेवीच्या फाट्यावरून सकाळी निघायचं, टेकडीला खालून वरून फेऱ्या मारायच्या, दुपारी झुणका-भाकर, संध्याकाळी परत.

मावशी अनसिंगला राहते. काका वारले, मुलगा सुरतेला. वैशाखात ती अचानक आमच्याकडे आली आणि पिशवी खाली ठेवायच्या आत म्हणाली, “किरांती, त्या टेकडीवर गिट्टीची खदान लावून राह्यले म्हणते. सुरुंग लावतीन थे. त्याच्या आधी मले एकदा तथी ने.”

“कशाला?”

“माही पोरगी हाय तथी.”

मला माहीत नव्हतं. आईला माहीत होतं, पण याविषयी आमच्या पत्रकांच्या घरातही कोणी बोललं नव्हतं. मावशीची पहिली मुलगी सव्वा महिन्याचीही झाली नव्हती, तेव्हा गेली. एवढ्या लहान बाळांना आपल्याकडे जाळत नाहीत, पुरतात. आणि पुरायला पुरुष जातात. आईला नेत नाहीत. एक तर ती बाळंतीण असते, आणि वर पुन्हा ‘बाईनं पाहू नये’. जागासुद्धा सांगत नाहीत, म्हणजे ती जाऊन रडत बसणार नाही! मावशीला एवढंच माहीत होतं — टेकडीवर. बाकी काही नाही. काकांनी मरेपर्यंत सांगितलं नाही.

हे ऐकून माझं डोकं असं फिरलं की विचारू नका. ज्या बाईने पोटात वाढवलं तिलाच पत्ता नाही? त्या रात्रीच मी बबलूला फोन केला.

“दोन सीट. उद्या.”

“मॅडम, उद्या दुसरी पार्टी नाई. दोघींसाठी जीप काढू कायले?”

“काढा. आम्ही फोटो काढायला नाही, काहीतरी शोधायला येतोय.”

“सोनं हाय का?” त्याने एकदम आवाज खाली आणून विचारलं.

दुसऱ्या दिवशी फाट्यावर तो काळा चष्मा लावून उभा होता. जीप जुनी, वरून उघडी, बॉनेटवर लाल रंगात ज्वाळा काढलेल्या. मावशीला पुढच्या सीटवर बसवलं, मी मागे. निघाल्या निघाल्या त्याची टेप सुरू झाली.

“तं मॅडम, हे पूर्ण ज्वालामुखी बेट हाय. आतून अजून बी गरम हाय. पाय ठेवला का चटका बसते.”

“वैशाखात आमच्या गच्चीवरही बसतो,” मी म्हटलं. “हा लाव्हाचा थर आहे, ज्वालामुखीचं तोंड नाही. असला दगड वाशीमच्या कलेक्टर ऑफिसखालीही आहे.”

“मग तुमी तथी जीप सफर चालू करा न,” बबलू म्हणाला. मावशी पदरात हसली. त्या दिवशी ती हसलेली तेवढीच.

गाडरस्त्यावर चिखल टायरच्या अर्ध्यापर्यंत आला. बबलूने फोर-व्हील टाकला आणि आम्ही डुलत, आपटत पलीकडे चढलो. खरं सांगते, टेकडी देखणी आहे. काळ्या दगडाचे खांबच्या खांब उभे, कोणीतरी रचल्यासारखे. मध्ये भाजलेल्या विटेसारखा लाल मातीचा पट्टा. पायाखाली गारगोट्या चमकतात. बबलूचे ठरलेले पॉइंट होते — ‘खांब पॉइंट’, ‘सनसेट पॉइंट’, आणि एका भोकाला त्याने ‘ज्वालामुखीचा डोळा’ नाव दिलं होतं. प्रत्येक ठिकाणी मावशी खाली उतरायची, उन्हात डोळ्यांवर हात धरून बघायची आणि परत येऊन बसायची. “अथी नाई वाटत.” कशावरून वाटत नव्हतं ते तिलाही सांगता येत नव्हतं. मी मात्र हट्टाला पेटले होते. दगडांचा ढीग दिसला की धावत जायचे. बाळाच्या जागेवर जनावरांनी उकरू नये म्हणून दगड रचतात, एवढं आईने सांगितलं होतं. पण त्या टेकडीवर दगडांचे ढीग कुठे नव्हते?

दुपारपर्यंत काही नाही. जेवलो. बबलूला तोवर कारण कळलं होतं. “माय, अजून एक चक्कर मारू,” तो स्वतःहून म्हणाला. “वरच्या अंगानं. टुरिस्टले नाई नेत तिकडे, रस्ता खराब हाय.”

वरच्या अंगाला चढताना मावशीला डुलकी लागली. सकाळपासूनची दगदग, ऊन... तिने पदर पूर्ण तोंडावर ओढून घेतला होता आणि मान एका बाजूला टाकली होती. हे मी पुन्हा पुन्हा सांगणार आहे, कारण सगळं यावरच आहे. मावशी झोपली होती. तिचा चेहरा झाकलेला होता. तिला काही दिसत नव्हतं.

पुढे एक मोठा दगड गडगडून वाटेत पडलेला. बबलूने शिवी दिली, मग मावशीकडे बघून जीभ चावली आणि गाडी रिव्हर्सला टाकली. मी उभी राहून मागचं बघून त्याला सांगत होते — “या, या... थांबा!” — आणि पुढे वळताना माझी नजर खाली मावशीवर गेली. तिचं पोलकं ओलं झालं होतं. दोन्ही बाजूंनी. आणि बघता बघता डाग पसरत होता.

मला वाटलं, बाटली सांडली. बाटली माझ्या पायाशी, झाकण घट्ट. घाम म्हणावा तर त्या कोरड्या झळांमध्ये घाम अंगावर टिकत नव्हता. आणि घाम असा फक्त छातीवर येत नाही.

“मावशी...”

ती दचकून जागी झाली. पदर बाजूला केला, स्वतःकडे पाहिलं, हात लावला. मग पटकन बबलूकडे पाठ केली आणि मला म्हणाली, “गाडी थांबव.”

खाली उतरून ती दगडाच्या आडोशाला गेली. मी मागे गेले. तिने माझा हात धरून तिच्या छातीवर ठेवला. चिकट होतं. दूध होतं, बाकी काही नाही. साठीपुढची बाई. तिचा सुरतेचा मुलगा आता चाळिशीला आलाय.

“तवा दाईनं फडकं आवळून बांधलं होतं,” ती हळूच म्हणाली. “दूध सुकावं म्हणून. आठ-आठ घंटे रडे मी दुखण्यानं. कोणाले द्याचं होतं थे?”

मी आजूबाजूला बघायला लागले, काहीतरी करायचं म्हणून. दहा-बारा पावलांवर बोरीचं एक काटेरी झुडूप होतं. त्याच्या बुंध्यात दगड रचलेले. असे ढीग सकाळपासून कितीतरी पाहिले होते. पण याच्यावर सगळ्यात वर जो दगड होता तो गोल होता. टेकडीवर गोल दगड नाहीत. मी काट्या बाजूला केल्या. जात्याचा वरचा दगड होता, पालथा घातलेला.

मावशी खाली बसली. तिने त्याच्या कडेवरून हात फिरवत नेला आणि एका ठिकाणी थांबली. तिथे टवका उडालेला होता.

“लग्नात बैलगाडीतून उतरवताना पडलं होतं,” ती म्हणाली. “माह्या मायनं देलेलं जातं. हे माह्यं जातं व्हय, किरांती.”

“इथे कसं आलं?”

“पाथरवटाले टाकी लावायले देलं म्हणे तुहा काका. अन् त्या पाथरवटानं परत आणलंच नाई म्हणे. मी जल्मभर भांडली त्या माणसाशी या जात्यासाठी. ‘माह्या मायचं जातं हारवलं’ म्हणून चार लोकांत त्याले बोलली.” तिने त्या टवक्यावर तळहात ठेवला. “एका शब्दानं सांगतलं नाई त्यानं. कोल्ह्यानं उकरू नये म्हणून वजनदार दगड पायजे होता, तं घरातला उचलून आणला त्यानं. एवढं सांगतलं असतं तं काय झालं असतं?”

ती तिथेच बसून राहिली. पोलकं वाळत आलं. नंतर ते पुन्हा ओलं झालं नाही, त्या दिवशीही नाही आणि आजवर नाही.

बबलू लांबून बघत होता. कसं कोण जाणे, त्याला समजलं होतं. तो चप्पल काढून आला, हात जोडले आणि मग माझ्या कानाशी म्हणाला, “मॅडम, मी तं म्हणतो अथी एक झेंडा लावू. ‘माय पॉइंट’. लय मोठी गोष्ट होईन—”

“झेंडा लावलात तर पहिलं पत्रक तुमच्यावर काढीन.”

“बरं बरं. चिडता कायले?”

वाशीमला परतल्यावर मावशीला डॉक्टरबाईंकडे नेलं. त्यांनी तपासण्या केल्या. सगळं ठीक. काही औषधांनी, ग्रंथींच्या बिघाडाने उतारवयातही असं होऊ शकतं, त्या म्हणाल्या. मावशी कोणतंच औषध घेत नाही, आणि बिघाड काही निघाला नाही. तरी मी मान्य करते — मन शरीराला काहीही करायला लावू शकतं. दिवसभर बाळाचाच विचार, त्यातून आलं असेल. पण मग ते सकाळच्या पॉइंटवर का नाही आलं? आधी जातं दिसलं असतं आणि मग दूध आलं असतं, तर मी हा लेख लिहिलाच नसता. इथे दूध आधी आलं, झोपेत, डोळे झाकलेले असताना. जातं आम्हाला नंतर दिसलं. या क्रमापाशी येऊन मी दरवेळी अडते.

बाबांना सांगितलं. “तुझ्यावर माझा विश्वास आहे,” ते म्हणाले. “पण लिहू नकोस. उद्या तिथे देऊळ उभं राहील.”

“आणि न लिहिता आपण फक्त सोयीचं तेवढं खरं सांगायचं का?”

यावर आमचं भांडण झालं. अजून मिटलेलं नाही.

मग पुनर्वसित गावात ग्रामसभा झाली, खदानीच्या ठरावाची. मावशीला बोलायचं होतं. खदानवाल्यांचा एक माणूस हसून म्हणाला, “मावशी, टेकडीवर तुमचं लेकरू हाय याचा पुरावा काय? अन् इतक्या वर्षांनी तुमाले जागा कशी गवसली?” मी तिला सांगून ठेवलं होतं की फक्त जात्याचं बोल. पण ती पदर सावरून उभी राहिली आणि सगळ्या गावासमोर, पुरुषांसमोर, काय झालं ते जसंच्या तसं सांगितलं. हसू थांबलं.

मग मागून कमलाबाई म्हणून एक म्हातारी उठली. “माह्यं बी तथी हाय. पोरगा. मले बी नाई नेलं.” तिच्या शेजारची उठली. मग आणखी दोघी. त्यांच्या मुलांना, सुनांना हे पहिल्यांदाच कळत होतं असं त्यांच्या चेहऱ्यांवरून दिसलं. ठराव त्या दिवशी पास झाला नाही. वरच्या ऑफिसात काय होईल माहीत नाही. आमचा लेखी विरोध गेलाय आणि आम्ही मागे हटणार नाही. देऊळही होऊ देणार नाही. म्हणूनच धरणाचं नाव दिलेलं नाही, आणि टेकडीचं बदललंय.

गेल्या रविवारी त्या चौघींना आणि मावशीला घेऊन आम्ही पुन्हा गेलो. बबलूने एकाही पॉइंटचं नाव घेतलं नाही. चौघी उन्हात टेकडीभर फिरल्या. प्रत्येक ढिगापाशी थांबल्या, बसल्या, डोळे मिटून पाहिले. कोणालाच काही झालं नाही. ना दूध, ना स्वप्न, ना खूण. परत जीपजवळ आल्यावर कमलाबाईने मावशीला विचारलं, “तुलेच काहून वं, शांते?”

“मले काय ठाव, माय,” मावशी म्हणाली.

मलाही ठाऊक नाही. वाचकांपैकी कोणाकडे खरोखरचं स्पष्टीकरण असेल तर मला हवंय. ‘आईची माया’ एवढंच उत्तर मला पुरत नाही.

कमलाबाई चिखलाने भरलेले पाय झटकून पुढच्या सीटवर चढली. “अर्धी टेकडी राह्यली पाहाची,” ती बबलूला म्हणाली. “पाणी चढाच्या आधी सारी पाहून घेऊ. पुढच्या रविवारी गाडी सकाळी लौकर काढजो.”