आधी स्वतःचं बोट

पडदा सरकावा तसं धुकं वर गेलं आणि जाम नदीकाठचं सावरगाव दिसू लागलं. समाजमंदिराची ओसरी, तिथे एक लंगडं टेबल, त्यावर स्पिरिटची बाटली, काचपट्ट्या, मेणबत्ती. टेबलामागे कवडू ढोके, दवाखान्यात रक्त तपासणारे. साल १९८६. सिकल या आई-बापाकडून उतरणाऱ्या रक्ताच्या आजाराच्या तपासणीसाठी गावोगाव सायकल हाणून माणूस पार थकलेला.

सुई पाहून लोक मागे सरत. म्हणून कवडूभाऊ आधी स्वतःचं बोट टोचत, थेंब सगळ्यांना दाखवत आणि कापसाने पुसून टाकत. "पाहा, मेलो का?" लोक हसत, रांग लागे. सहा वर्षांत त्यांच्या बोटांची टोकं निबर झाली होती.

त्या दिवशी पुढे लीलाबाई होती. तिचा नातू सिकलनेच गेलेला.

"भाऊ, तुमच्या रक्तात काय निघालं?"

"कधी पाह्यलं नाही, मावशी."

"वा. गावाची बोटं टोचून राह्यले, अन् स्वतःचं पुसून टाकता. पोरीचं साक्षगंध कधी हाय?"

"रविवारी."

"मंग?"

कवडूभाऊंनी नेहमीसारखं आधी स्वतःचं बोट टोचलं. सौंसरच्या होणाऱ्या जावयाच्या, अनिलच्या रक्तात सिकल होतं. त्याला स्वतःला त्रास नव्हता. पण बायकोही तशीच निघाली, तर लेकरांना आजाराचं भय. हे दर बापाला समजावणाऱ्या कवडूभाऊंनी स्वतःच्या घरी मात्र, 'आपल्यात कोणाले नाही' एवढ्यावर सोयरीक जुळवली होती. प्रेमलताला आई नव्हती, आणि स्थळ चांगलं होतं.

तो थेंब त्यांनी पुसला नाही. काचेवर घेतला, औषध घातलं, कडा मेणाने बंद केल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यात त्यांनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. गोल पेशी विळ्यासारख्या वाकल्या होत्या; सिकल त्यांच्याही रक्तात होतं. त्यांनी सुया-काचपट्ट्यांची पेटी भरली. बापाचं पोरीत उतरलं असेल, नसेलही. ते तिच्याच थेंबात कळणार होतं.

घरी प्रेमलता रविवारसाठी तांदूळ निवडत होती. ते तिच्यापुढे बसले, पेटी उघडली. सवयीने सुई स्वतःच्या बोटाकडे गेली आणि थांबली.

"मले कायले, बाबा?" तिने सूप बाजूला ठेवलं. "अन् निघालं तर? रविवारचं कसं?"

"रविवार दर आठवड्याले येते, बाई. माझं पाहून झालं. दे बोट."